पांढरं कार्ड

आमच्याकडे धान कापून झालं की कापलेल्या मुठी, म्हणजे कडपा, दोन-तीन दिवस बांधीत, धानाच्या वाफ्यात, उन्हात पडून राहतात. मग त्यांचे भारे बांधायचे, डोक्यावरून खळ्यावर न्यायचे आणि पुंजणं, म्हणजे भाऱ्यांची गंजी, रचायचं. कापणं बायांचं, वाहणं गड्यांचं. हा नियम कुणी कुठे लिहून ठेवलेला नाही, पण सिहोऱ्याच्या आसपास तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा मी सहावीत होते, आणि त्याच हंगामात मी पहिला भारा वाहिला. भारा कसला, पेंढीच होती ती. पण बाबांनी बांधाच्या धुऱ्यावर बसलेल्या चार जणांना बोलावून दाखवलं. घरातला एकुलता एक मुलगा म्हणून माझी जी काही पत होती, ती त्या दिवसापासून माझ्या खांद्यांवर ठरली.

मी मुलगी आहे हे मला त्याच्या आधीपासून कळत होतं. ते कसं कळलं, असं लोक फार विचारतात, आणि मला त्या प्रश्नाचा आता कंटाळा आला आहे. विचारणाऱ्याने आधी स्वतःला कसं कळलं ते सांगावं. कळत होतं एवढं खरं, आणि ते मी अठ्ठावीस वर्षं कुणाला सांगितलं नाही, हेही खरं.

अठ्ठाविसाव्या वर्षी मी नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. गावात माझं मोबाईल दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं, त्याचं सामान आणायला दर दोन-तीन महिन्यांनी नागपूरला जावंच लागे, म्हणून घरी वेगळं खोटं बोलायची वेळ आली नाही. आधी मनाच्या डॉक्टरांकडे चार-पाच चकरा झाल्या, त्यांनी चिठ्ठी दिली, मग या बाई. त्यांनी रक्त तपासलं आणि पुढे काय काय होईल ते सावकाश सांगितलं. मी ते जवळच्या स्क्रीनगार्डच्या पाकिटावर लिहून घेतलं. छाती भरेल, आधी दुखेल. कातडी मऊ होईल, अंगावरचे केस बारीक पडतील. चरबी पोटावरून मांड्यांवर आणि कमरेवर सरकेल. दाढी जाणार नाही, आवाज बदलणार नाही, हाडं आणि उंची आहे तीच. आणि चार-पाच महिन्यांत दंड, खांदे, मांड्या यांतलं मांस आटायला लागेल, ताकद कमी होईल. "जड काम करता का?" असं त्यांनी विचारलं होतं. मी दुकान आहे म्हणून सांगितलं. भाऱ्यांचं बोलले नाही. त्या वेळी मला तो विषय इतका दूरचा वाटला.

गोळ्या दोन होत्या. एक शरीरातलं पुरुषाचं रसायन दाबणारी, दुसरी बाईचं आणून देणारी. पहिलीने लघवीला इतक्या वेळा जावं लागे की गिऱ्हाईक समोर बसवून मी दुकानामागे पळायचे. मिठाची हाव सुटली. लोणच्याचा खार बोटाने चाटताना आईने दोनदा पकडलं. तिसऱ्या महिन्यात छातीत दोन्ही बाजूंना बोराच्या बीएवढ्या गाठी आल्या आणि तुमसरच्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मला कळायला लागला. घामाचा जुना वास गेला. सकाळी शर्ट घालताना बाहीचा वास घ्यायचा आणि खूश व्हायचं, असा माझा एक चाळाच झाला होता. त्या दिवसांत मी फार सुखी होते. ते सुख दुकानाच्या शटरच्या आत ठेवावं लागायचं, बाहेर नेता येत नव्हतं.

ताकद मात्र न सांगता जाते. चाळीस किलोचा कट्टा मी एका झटक्यात खांद्यावर घ्यायचे, जूनमध्ये दोन झटके लागले. धानाच्या रोवणीच्या वेळी पाण्याची मोटर बांधीवरून काढताना गुडघा टेकवावा लागला. मोबाईलचा बारीक स्क्रू फिरवणारी बोटं तशीच होती, पण डब्याचं घट्ट झाकण उघडेना. मी लोकांसमोर हसून न्यायचे, हात ओला आहे म्हणायचे. पाकिटावर लिहिलेलं सगळं होत होतं आणि मला ते सगळंच हवं होतं. फक्त मला हवं होतं ते आणि घराला लागत होतं ते एकाच दंडात होतं, हे मी पाकिटावर लिहिलं नव्हतं.

गोळ्या सुरू केल्यापासून नवव्या महिन्यात कापणी आली. पहिले दोन भारे मी नेले. तिसरा डोक्यावर घेऊन धुऱ्यावर चढताना मांडीत जोरच आला नाही आणि मी भाऱ्यासकट बांधीत पडले. छातीवर दाब आला तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. बाबा आले, भारा स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि निघाले. साठीचा माणूस. आई विळा टाकून आली, तिने माझ्या बाहीत हात घालून दंड दाबून पाहिला.

"याले सिकल तं नाई?" बाबा परत आल्यावर ती म्हणाली.

"एवढ्या मोठ्या वयात निघते का?"

"कधीबी निघते. माह्या भावाच्या पोराचे हात असेच आटले होते."

आमच्या बाजूला सिकलसेल घराघरांत माहीत आहे. रक्ताचा आजार, आईबापांकडून येणारा. आरोग्य केंद्रातून कार्ड मिळतं. लाल म्हणजे आजारी, पिवळं म्हणजे स्वतःला त्रास नाही पण मुलांना देऊ शकतो असा, पांढरं म्हणजे काही नाही. माझा मामेभाऊ लाल कार्डाचा होता. सांधे धरून रडायचा, डोळे पिवळे, हातापायांच्या काड्या. एकोणिसाव्या वर्षी गेला. आईने त्याला मांडीवर घेऊन शेवटचं पाणी पाजलं होतं. त्यामुळे बारीक होत गेलेला हात पाहून तिच्या मनात दुसरं काही येणं शक्य नव्हतं.

मी तिथेच म्हणायला हवं होतं की नाही, तसं काही नाही. मी लोटाभर पाणी प्यायले आणि गप्प राहिले. पुढचं सगळं त्या गप्प राहण्यातून झालं, त्याचा दोष मी कुणाला देत नाही.

खरं सांगायचं तर मला ती चूक सोयीची वाटली. बाबांनी वाहायला एक माणूस लावला आणि मला बायांच्या ओळीत कापायला बसवलं. धाकटी बहीण एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला, हातात विळा, पुढे पिवळं धान. एरवी एखादा गडी बायांत कापायला बसला असता तर गावाने वर्षभर त्याची टर उडवली असती. पण आजारी माणसाला कुणी चिडवत नाही. त्या पाच दिवसांत मी जितकी मोकळी बसले तितकी त्या बांधीत कधीच बसले नव्हते. बाया आपापल्या सासवांच्या गोष्टी करत होत्या आणि मी त्यांच्यात होते.

मग आई कामाला लागली. आरोग्य केंद्राच्या आशाताईंकडून तिने फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणल्या आणि रोज सकाळी समोर उभी राहून मला गिळायला लावू लागली. बीट, डाळिंब, गूळ-शेंगदाणे. थंड पाणी बंद, रानात जाणं बंद. तपासणीला चल म्हणायची, मी आज-उद्या करायचे, आणि तिलाही मनातून लाल कार्ड हातात घ्यायची भीती असावी, म्हणून ती फार ओढत नसे. शेजारणी विचारायच्या तेव्हा मात्र ती सांगून टाकायची. तिची गोळी गिळून मी दुकानात जायचे, स्क्रूच्या डबीतून माझ्या गोळ्या काढायचे आणि त्या गिळायचे. आईने इतक्या मायेने दिलेली गोळी आपण खोटेपणाने खातोय, याची मला लाज वाटायची. लाज वाटायची आणि रागही यायचा. माझ्या नसलेल्या आजारावर ती एवढं प्रेम करत होती, आणि जे होतं त्यावर काय केलं असतं, कोण जाणे.

फेब्रुवारीपासून ऊन चढलं. छाती लपवायला मी शर्टाच्या आत दोन बनियन घालायचे, एक बनियन एक नंबर लहान. आमच्याकडचा उन्हाळा काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. पत्र्याच्या दुकानात दुपारी मी पंख्यापुढे बसून घामाने भिजायचे आणि दोन बटणं उघडायची सोय नव्हती. पूर्वी बोअरवर उघड्यावर आंघोळ करायचे, ती आता मोरीत, दार लावून. बाबांनी एकदा आईला विचारलं, आई म्हणाली त्याला वारा सोसत नाही. मला वाटे, सगळं घर माझ्याभोवती एकेक वीट ठेवत आहे, तीही प्रेमाने, आणि विटा मीच उचलून देत आहे.

मार्चमध्ये बहिणीचं जुळलं. ती खाजगी शाळेत शिकवायची. मुलगा कारध्याचा, नोकरीवाला, शांत. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, आणि ती त्याच्याशी फोनवर बोलताना अंगणात ज्या फेऱ्या मारायची त्यावरूनच कळत होतं की हे नुसतं जुळवलेलं नाही. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात त्यांच्याकडून निरोप आला. मुलीच्या भावाला सिकल आहे असं ऐकलं, तर दोघांचीही कार्डं दाखवा.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मुलाचं स्वतःचं कार्ड पिवळं होतं, त्याने ते आधीच सांगितलं होतं. भाऊ लाल असला तर आईबाप दोघांकडूनही ते आलेलं, मग मुलीतही असू शकतं, आणि दोन पिवळी एकत्र आली की मूल लाल निघू शकतं, एवढं आता इथे सगळ्यांना ठाऊक आहे. बहिणीने दुसऱ्याच दिवशी तपासून घेतलं. तिचं पांढरं निघालं. पण मुलाच्या काकांनी निरोप धाडला की भावाचंही पाहू द्या, घरात नक्की काय आहे ते कळू द्या.

ती शाळेतून थेट माझ्या दुकानात आली.

"दादा, एक बोट टोचून घ्याले तुले काय होते?"

"काम आहे इथं."

"काम नाई. तू भेऊन राहिला. लाल निघालं तं निघालं, मी सांगीन त्यायले. पण तू तपासतच नाई, त्याचं मी काय सांगू?"

मी स्क्रीन उघडलेल्या फोनवरून मान वर केली नाही. ती निघून गेली.

ती भेऊन राहिला म्हणाली ते बरोबरच होतं, फक्त लाल निघण्याची भीती नव्हती. मला पांढरं निघण्याची भीती होती. पांढरं निघालं की पुढचा प्रश्न यायचा, मग झालं काय, आणि त्याचं उत्तर माझ्या स्क्रूच्या डबीत होतं. मी गोळ्याच बंद केल्या. वाटलं, ताकद परत येऊ दे, दंड भरू देत, मग कार्ड पांढरं निघालं तरी कुणी काही विचारणार नाही. तीन आठवडे बंद ठेवल्या. एका सकाळी बाहीला जुना वास आला आणि मी मोरीत बसून रडले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, बंद केल्या तर ताकद येईल पण छाती आता जाणार नाही. म्हणजे मागे जायची वाटही पुरती उघडी नव्हती. दोन्ही बनियन राहणार, फक्त त्यांच्या आतली मी जाणार. त्या दिवशी दुकानात गेल्या गेल्या मी दोन्ही गोळ्या घेतल्या.

त्याच संध्याकाळी बहीण जेवली नाही. आई म्हणाली, कारध्यावाले आता दुसरीकडे पाहून राहिले म्हणे. बहीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी आईला म्हटलं, उद्या जाऊ.

दवाखान्यात आई माझा हात धरून बसली होती. त्यांनी रक्त घेतलं, सिकलचंही पाहिलं आणि हिमोग्लोबिनही. कागद आणि पांढरं कार्ड हातात आलं, कागदावर सिकल नाही असं लिहिलं होतं. आईने ते दोनदा वाचायला लावलं आणि तिथल्या बाकावर बसून पदरात तोंड घालून रडली. हिमोग्लोबिनपुढे मात्र चांदणीची खूण होती. बारा पूर्णांक तीन. तपासणारा म्हणाला, गडीमाणसाला जरा कमी आहे, हिरव्या भाज्या खा. कागदावर शेजारी दोन ओळी छापलेल्या होत्या, एक पुरुषांची, एक स्त्रियांची. स्त्रियांच्या ओळीत माझा आकडा अगदी बरोबर बसत होता. आई रडत होती आणि मी तो आकडा पाहत होते. इतक्या वर्षांत एवढ्या सरकारी कागदांत माझ्याविषयी पहिल्यांदाच काहीतरी खरं लिहिलं होतं, आणि त्यापुढे चूक म्हणून खूण होती.

बहिणीने तो कागद रात्रीपर्यंत स्वतःजवळ ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात घेऊन आली. शटर अर्धं ओढलं.

"मायले समजत नाई, मले समजते. सिकल नाई, ताप नाई, खोकला नाई. मंग तुह्ये हात गेले कुठी? आन हे दोन बनियन कायले घालतो एवढ्या उन्हात?"

मी डबी पुढे केली. तिने गोळ्यांचं नाव फोनवर टाकलं आणि वाचत राहिली. बाहेर कुणीतरी चार्जर आहे का विचारून गेलं. मी मुलगी आहे, हे मी तिला सांगितलं. तेवढं एकच वाक्य बोलले.

"तू आमच्यात कापाले बसला होता तवा मले वाटलं होतं," ती म्हणाली, "का हा आजारी आहे तं एवढा खुश काहून आहे."

मला वाटलं आता ती जवळ येईल. ती उभीच राहिली. कागदाच्या घड्या घालत, उलगडत.

"माहं लग्न होऊ दे, दादा. तवापर्यंत कोणालेच नको सांगू. मंग मी हावो तुह्यासोबत."

मी हो म्हटलं. ती वाईट नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि मला तेच जास्त लागलं. डॉक्टरांखेरीज पहिल्यांदाच एका माणसाला सांगितलं आणि त्या माणसाने दार आतून लावून घेतलं. आता आत दोघी होतो, एवढाच फरक.

साक्षगंध झालं. बहिणीच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला, तिला पाहून मला खरोखर बरं वाटलं. पाहुणे गेल्यावर आईने माझं पांढरं कार्ड पेटीतून काढलं. तिने त्याला प्लास्टिकची पिशवी घातली होती.

"जावयाच्या मावशीची एक पोरगी आहे म्हणते," ती मला म्हणाली. "मी तुह्यं सांगून देलं. दुकान आहे, वावर आहे, कार्ड पांढरं आहे. आता कायची अडचण?"

बाबा मान हलवत होते. मी बहिणीकडे पाहिलं. ती बांगड्या काढत होती, एकेक करून, फार सावकाश, आणि तिने वर पाहिलं नाही. मी म्हटलं, आधी हिचं होऊ दे, मग पाहू. आई म्हणाली, पाहू म्हणजे पाहूच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला ओसरीवर बसवलं. वाटीत जवसाचं तेल कोमट केलेलं. आजार नाही म्हणजे नुसतीच अशक्ती, आणि अशक्तीला तेल आणि चोळणं, हा तिचा हिशोब. शर्ट काढ म्हणाली, मी बाह्या वर केल्या. तिने माझा दंड दोन्ही हातांत धरला आणि खालून वर चोळायला लागली, सगळा जोर लावून, ओठ दाबून. कापून कापून खरखरीत झालेले तिचे तळवे माझ्या कातडीवर ओरखडत होते.

"कसे मऊ झाले तुह्ये हात, बाबू," ती म्हणाली. "पोरीवाणी."

एक शब्द पुरला असता. आत बहीण शाळेची तयारी करत होती, तिची पावलं थांबल्याचं मला ऐकू आलं. मी हात काढून घेतला नाही.

"येते ताकद वापस," आई म्हणाली. "मी आणीन."

लग्नापर्यंत दीड महिना होता आणि तिने एक सकाळ चुकवली नाही. ती चोळून उठली की मी हात धुवायचे, दुकानात जायचे, शटर वर करायचे आणि गोळ्या घ्यायचे. एकाच दंडावर आम्ही दोघी दोन बाजूंनी कष्ट करत होतो, आणि त्यातल्या एकीलाच ते माहीत होतं. विहारात लग्नाच्या दिवशी मी दोन बनियनांवर नवा शर्ट घालून पाहुण्यांना पाणी देत होते. आईने येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून माझा दंड दाखवला. पोरगा आता भरून येऊन राहिला, असं ती सगळ्यांना सांगत होती.